पापणीवरून देवीशी भांडण

माहूरच्या रेणुकादेवीशी माझं बरीच वर्षं भांडण होतं. तिच्या बाजूनं काही नसावं. तिच्याकडून कधी तक्रार आली नाही. माझ्या बाजूनं मात्र होतं. या अंकाच्या संपादकांना खरं तर एका नेत्रतज्ज्ञाची वाटचाल हवी होती. मी म्हटलं, माझी वाटचाल मलाच कंटाळवाणी वाटते, भांडण छापणार असाल तर बोला. थोडी घासाघीस झाली आणि भांडणावर सौदा पटला.

घासाघीस आमच्या घरातलीच. माझे वडील अर्धापूरला केळीच्या व्यवहारात दलाल होते. बागेत गेले की घडाकडे कमी बघत, बागवाल्याच्या तोंडाकडे जास्त. "माल झाडाला लागतो, भाव कपाळाला लागतो," असं म्हणायचे. मी डॉक्टर झालो तो त्यांच्या या विद्येवर. वसतिगृहातल्या खाटेपासून शस्त्रक्रियेच्या दिव्यापर्यंत एकही वस्तू मी सांगितल्या भावाला घेतलेली नाही. रागही त्यांचाच घेतला. फरक एवढाच की ते राग विसरून जायचे, मी जपून ठेवतो.

लातूरला दवाखाना काढला तेव्हा मोतीबिंदूनं माझं पोट भरलं. पण जीव लागला तो लहान मुलांच्या फाटलेल्या पापण्यांवर. सायकलच्या ब्रेकचा दांडा, दाराची कडी, गायीचं शिंग, कुत्र्याचा दात, जे जे मुलाच्या उंचीला येतं ते डोळ्याला लागतं. मग घरचे त्यात हळद भरतात, शेजारी चुना भरतो आणि एखादा शहाणा चहाची पूड भरतो. अशी सगळी फोडणी घालून झाली की पोर माझ्याकडे येतं. रक्त बघून आई म्हणते, डोळा गेला. बहुतेक वेळा डोळा गेलेला नसतो. पापणी ही डोळ्याची मोठी बहीण आहे. मार ती स्वतः खाते.

आमचं काम सांगायला सोपं आहे. आधी डोळा बघायचा, पापणी नंतर. पापणी कितीही भयंकर दिसत असली तरी तिच्यामागचा डोळा फाटलेला नाही ना, याची खात्री झाल्याशिवाय सुई हातात घ्यायची नाही. दुसरं, लोंबणारा तुकडा कापून टाकायचा नाही. पापणीला रक्त इतकं सढळ हातानं मिळतं की चिंधीसारखी लोंबणारी कातडीही जगते. तिसरं, काठाला काठ लागला पाहिजे. दोन कापडं जोडताना साडीच्या काठाची नक्षी जुळली नाही तर शिंप्याला शिव्या बसतात. पापणीची कड तशीच आहे. तिथं केसाएवढी पायरी राहिली तर ती खाच जन्मभर दिसते, आणि डोळा मिटताना तिथं फट राहते. म्हणून लहान मुलाला पूर्ण भूल दिल्याशिवाय मी पापणीला हात लावत नाही. "दोन माणसं धरून ठेवतील, टाका दोन टाके," असं म्हणणाऱ्या बापांना मी दवाखान्याबाहेर काढलेलं आहे.

आता गोम अशी, की हे काम जितकं चांगलं होतं तितकं दिसत नाही. हाडाच्या डॉक्टरकडं क्ष-किरणाचा फोटो असतो. दातवाला सोन्याचा दात दाखवू शकतो. माझं चांगलं काम म्हणजे जिथं काहीच झालं नाही असं वाटतं ते. ही कुचंबणा एकालाच कळली, तीही उलट बाजूनं. भावाभावांच्या बांधावरच्या भांडणात त्याच्या मुलाची पापणी फाटली होती. मुलगा भुलीखाली जायच्या आधी त्यानं मला कोपऱ्यात घेतलं.

"डॉक्टर, एक इनंती हाय. लई साफ शिवू नका."

"म्हणजे?"

"केस हाय कोर्टात. वण दिसाया पायजे."

"पोराच्या तोंडावर पुरावा ठेवू काय तुझ्या?"

"लई न्हाई म्हणत मी. जज्जाला दिसंल एवढा."

मी त्याला जे बोललो ते छापण्यासारखं नाही. त्या दिवशी रागाच्या भरात मी आयुष्यातली एक सर्वोत्तम पापणी शिवली. पुढं तो तीनदा येऊन तक्रार करून गेला.

मग भूकंप झाला. त्या दिवसांबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे आणि माझ्याकडे त्यात घालण्यासारखं थोडंच आहे. मुक्ता माझ्याकडे आली ती भूकंपानंतर काही आठवड्यांनी. ती जेमतेम शाळेच्या वयाची होती. घर पडलं त्या रात्री ती अंगणात आजोबांजवळ झोपलेली म्हणून तिला ओरखडाही आला नाही. आईचा पाय मोडला. आई सोलापूरच्या दवाखान्यात, बाप तिच्याजवळ आणि मुक्ता आजोबांबरोबर गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. त्या शेडच्या नव्याकोऱ्या पत्र्याची कड तिला खेळताना लागली. भूकंपातून वाचलेल्या पोरीला भूकंपाच्या मदतीनं जखमी केलं.

आजोबांना सगळे आबा म्हणत. उंच, हाडकुळा माणूस, पोरगी खांद्यावर आणि तिच्या डोळ्यावर धोतराच्या सोग्याची घडी.

"डोळा हाय का बगा," एवढंच ते बोलले.

डोळा होता. पण उजव्या डोळ्याची खालची पापणी नाकाच्या बाजूला उभी चिरली होती, आणि ती जागा वाईट. डोळ्यातलं पाणी नाकात उतरण्याची बारीक नळी तिथूनच जाते. आपण रडलो की नाक वाहतं ते याच वाटेनं. ती वाट तुटली आणि नुसती वरची कातडी शिवली, तर पापणी छान दिसते आणि डोळा जन्मभर गळत राहतो. वाट जोडायची तर तुटलेली दोन्ही तोंडं शोधायची, त्यांतून सिलिकॉनची दोऱ्याएवढी नळी ओवायची आणि तिच्यावर जखम शिवायची. नळी काही महिने तशीच ठेवायची, म्हणजे तिच्याभोवती वाट पुन्हा तयार होते.

लातुरात तसली नळी नव्हती. ही जखम एखादा दिवस थांबू शकते. म्हणून मी जखम धुऊन झाकली आणि हैदराबादच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, पूर्ण खोका घ्यावा लागेल. मी म्हटलं, इथं किती पापण्या फाटाव्यात अशी तुमची इच्छा आहे? बराच वेळ वाजलं. शेवटी सकाळच्या बसनं एकच नळी आली, ड्रायव्हरच्या जेवणाच्या डब्यावर ठेवलेली.

शस्त्रक्रियेत नळीचं बाहेरचं तोंड लगेच सापडलं. आतलं सापडेना. गुलाबी मांसात एक पांढुरकी कडी शोधायची असते, ज्वारीच्या दाण्याच्या टोकाएवढी. माझ्या समोर लीलाबाई सिस्टर उभ्या होत्या. माझा राग ओसरेपर्यंत गप्प बसणं हे त्यांचं खास कौशल्य. त्या गप्प बसल्या. कडी सापडली. नळी गेली. काठाला काठ लागला.

खरं संकट दुसऱ्या दिवशी उभं राहिलं. त्या नळीचा एक छोटा वेढा डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात दिसतो. मुलांना तो खुपतो, ती बोट घालून ओढतात, आणि नळी बाहेर आली की सगळं मातीत. म्हणून आम्ही जखमेवर चिकटपट्टी लावतो आणि कोपरांना पुठ्ठे बांधतो, म्हणजे हात डोळ्यापर्यंत पोचत नाही. मुक्तानं पुठ्ठे एकदा दातांनी सोडले, एकदा भिंतीवर आपटून मोडले. मी तिच्यापुढं स्टुलावर बसलो.

"हे बघ, याला हात लावलास तर नळी निघेल. मग डोळ्यातून सारखं पाणी येईल."

"येऊ द्या."

"सगळे म्हणतील, ही रडतेय."

"आमच्या शेडात समदेच रडायलेत."

लीलाबाईंनी तोंड वळवलं. वडिलांची एक गोष्ट मला आठवली: समोरचा अडून बसला की त्यालाच भाव सांगायला लावायचा.

"बरं, तूच सांग. काय केलं म्हणजे हात लावणार नाहीस?"

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी बी पट्टी लावा."

"मला काय झालंय?"

"मला तरी कुटं दुकायलंय? तुमी लावा. मग मी लावीत न्हाई हात. पुठ्ठे बी बांदा."

"पुठ्ठे बांधून मी लोकांचे डोळे कसे शिवू?"

तिनं विचार केला. "पुठ्ठे राहू द्या. पट्टी मोठी लावा."

"छोटी."

"मधली."

"मधली. आणि तुझे पुठ्ठे मी सोडतो. पण नळीला हात नाही."

"माझी निघंल तवाच तुमची निघंल," ती म्हणाली. केळीच्या बाजारात या पोरीनं माझ्या वडिलांना घाम फोडला असता. माझ्यासमोर खाटेवर उभी राहून, तिच्या पट्टीसमोर माझी जी बाजू आली तिथं, आरशात बघून लावावी तशी तिनं स्वतःच्या हातानं मला पट्टी लावली.

मला वाटलं, पोरगी गावी गेली की पट्टी काढू. पण तिच्या गावचे लोक लातूरच्या आडतीला तूर घेऊन येत. पहिल्याच आठवड्यात एक मुंडासेवाला दवाखान्याच्या दारात उभा राहिला.

"काय होतंय?" मी विचारलं.

"मला कायबी होत न्हाई. मुक्तानं पाठवलंय. पट्टी हाय का बग म्हणली." त्यानं नीट पाहून घेतलं. "हाय. चलतो."

मग कधी कोण येईल याचा नेम राहिला नाही. मी पट्टी काढू शकलो नाही. नेत्रतज्ज्ञाच्याच डोळ्याशेजारी पट्टी बघून नवे रुग्ण दारातून परत जाऊ लागले. एका म्हातारीनं मला सरळ विचारलं, "तुमचं कुनाकडं दाकवलं?" माझ्या स्वभावाची ख्याती असल्यामुळं बायकोनं लाटणं मारल्याची बातमी डाळ मिलपर्यंत पोचली. बायको वैतागून म्हणाली, "लोक माझ्याकडं भीतीनं बघतात. निदान खरं मारल्याचं समाधान तरी मला द्या."

पण तिकडं मुक्ता शब्दाला जागली. दर तपासणीला यायची, आधी माझी पट्टी बघायची, मग स्वतःची दाखवायची. नळी काढायचा दिवस आला. काढली. थोड्या दिवसांनी पाहिलं तर डोळा कोरडा, पापणी सरळ, पाणी नाकात उतरतंय. पट्टी निघाल्यावर माझ्या नाकाशेजारी गोरा चौकोन उरला तो उन्हाळ्यापर्यंत.

मी मनातल्या मनात शाल-नारळाची वाट बघत होतो. खोटं कशाला बोलू? भूकंपानंतर बाहेरून आलेल्यांचे सत्कार रोज होत होते, आणि मी इथलाच असल्यामुळं माझी आठवण कुणाला नव्हती. निदान आबा तरी दोन शब्द बोलतील असं वाटलं. आबा आले. नवं धोतर, हातात पुडी.

"घ्या डॉक्टर. माहूरचा तांबूल हाय. आईला चांदीचे डोळे वाहून आलो."

तुळजापूर जवळ असून हा माणूस माहूरला गेला, कारण त्यांचं कुलदैवत ते. चांदीचे डोळे म्हणजे पातळ पत्र्याचे दोन डोळे. डोळ्याचं दुखणं बरं झालं की देवीला वाहायचे. प्रथा मला ठाऊक होती. माझे कितीतरी रुग्ण परस्पर तिकडं जात. पण यावेळी माझा तोल गेला.

"आबा, टाके कुणी घातले?"

"तुमीच की."

"हैदराबादहून नळी कुणी आणली? पट्टी लावून गावभर तमाशा कुणाचा झाला? देवीच्या नाकाला पट्टी होती काय?"

आबा शांतपणे खुर्चीवर बसले. "डॉक्टर, तुमचे उपकार हायेतच. पर पोरगी हात न लावता ऱ्हायली ती आईच्याच किरपेनं."

"ती सौद्यानं राहिली!"

"मंग सौद्याची अक्कल तुमाला कुनी दिली?"

मी तांबूल खाल्ला. तो चांगला होता, म्हणून आणखी राग आला. त्या दिवसापासून देवीचं आणि माझं जे बिनसलं ते बिनसलंच. मी माहूरला पाऊल टाकलं नाही.

पुढं लातूर बदललं. ज्या गल्लीत तुरीच्या पोत्यांचे ट्रक उभे असायचे तिथं क्लासच्या पाट्या आल्या. घराघरावर एक मजला चढला आणि त्यावर मुलींचं वसतिगृह झालं. माझ्या बाकावर शेतकऱ्यांच्या जागी पाठीला दप्तर लावलेली मुलं बसू लागली. एका बापानं विचारलं, "चष्म्यानं मार्क किती वाढतेत?" मी म्हटलं, तुमच्या मुलाला चष्म्याची नाही, झोपेची गरज आहे. तो उठून दुसऱ्या डॉक्टरकडे गेला.

अशाच गर्दीत एक मुलगी समोर बसली. मेडिकलच्या परीक्षेची तयारी, डोळे लाल.

"डोळ्यांतून पाणी येतं. वाचता येत नाही. परीक्षा जवळ आलीय."

"झोपतेस किती?"

"ते सोडा. लहानपणी एका डोळ्याची नळी जोडली होती. ती बंद झाली असेल का?"

"कुणी जोडली होती?"

"होते एक डॉक्टर. नाकाला पट्टी लावून फिरायचे."

लीलाबाईंच्या हातून ट्रे पडता पडता राहिला. मी टक लावून बघत राहिलो. मुक्ता हसत होती, पण टेबलावरचे तिचे हात एकमेकांत घट्ट अडकले होते. डोळा पुन्हा गळायला लागला तर वर्ष जाणार, हे तिच्या हातांवर दिसत होतं. आबांनी तिच्या शिक्षणासाठी काय काय केलं असेल ते विचारण्यासारखं नव्हतं.

"आबा कसे आहेत?"

"मजेत. अजून म्हणतात, आईनं डोळा दिला. वसतिगृहात तर कुणाचा विश्वासच बसत नाही की मला काही लागलं होतं. डॉक्टर, तुम्ही ओळखा ना कुठला डोळा ते."

"ओळखला तर?"

"आबांना सांगते, श्रेय डॉक्टरांचं. कबूल करायला लावते." ती थोडी थांबली. "नाही ओळखला तर माहूरला जाऊन तुम्ही चांदीचे डोळे वाहायचे. जुने कागद काढायचे नाहीत."

हा सौदा मी सोडणार होतो काय? तिला यंत्रासमोर बसवलं. पापणीच्या कडेवरून प्रकाशाची फट केसाकेसानं फिरवली. पापणीचे केस एका ओळीत, कड अखंड. दोन्ही डोळे सारखे. डावीकडं एक पुसट रेघ दिसली. पण मी रेघेवर विसंबणारा माणूस नाही. मला माझी पट्टी आठवली. माझ्या नाकाची डावी बाजू. गोरा चौकोन तिथंच तर होता. मी खुर्चीत मागं टेकलो आणि म्हणालो, "डावा."

"उजवा."

"अशक्य. माझी पट्टी डावीकडं होती!"

"समोर उभी राहून लावली होती मी," मुक्ता म्हणाली. "माझा उजवा तुमच्या डाव्यासमोर आला."

आणि ती रेघ? कांजिण्यांचा वण निघाला. लीलाबाई इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या देखत मोठ्यानं हसल्या.

हसणं आवरल्यावर तिचे हात पुन्हा एकमेकांत अडकले. मी तिच्या उजव्या डोळ्यात पिवळ्या रंगाचा थेंब टाकला. नळी चालू असेल तर रंग डोळ्यातून निघून नाकात उतरतो. बंद असेल तर डोळ्यातच साचतो. तिला बाहेर बाकावर बसवलं आणि मी दुसऱ्या एका मुलाचा चष्म्याचा नंबर काढायला घेतला. त्याला काय विचारलं, त्यानं काय वाचलं, मला काही आठवत नाही.

दार उघडून मुक्ता आत आली. हातात पांढरा रुमाल, त्यावर पिवळा डाग. एखाद्या परीक्षेचा निकाल दाखवावा तसा तिनं तो शिंकरलेला रुमाल माझ्या तोंडासमोर धरला. मीही तो निकालासारखाच पाहिला. नळी चालू होती. डोळे गळत होते ते जागरणानं आणि चष्मा नसल्यामुळं. चष्मा दिला, झोपायचा हुकूम दिला. रुमाल ती घेऊन गेली. मैत्रिणींना दाखवायला, म्हणे.

शब्द दिला होता, तेव्हा बायकोला घेऊन माहूरला गेलो. बाजारात एका सोनाराकडं चांदीचे डोळे मांडलेले होते. मी एक जोडी उचलली, चष्मा वर करून पाहिली.

"यांना पापण्या कुठं आहेत?"

"पापण्या?" सोनारानं माझ्याकडं पाहिलं. "साहेब, लोक डोळे वाहून राहिले. पापणीचा नवस कोण बोलतं?"

"मी बोलतोय. पापण्या काढून द्या."

"हाव, काढून देतो. कारागिरीचं वेगळं पडंल."

त्यानं टोच्यानं दोन रेघा मारल्या. कड वाकडी गेली. मी त्याच्या हातातून टोच्या घेतला आणि दाखवलं: इथून धरायचं, काठाला काठ लागला पाहिजे, खाच राहता कामा नये. मागं गिऱ्हाईक जमलं. बायको म्हणाली, "दर्शनाला आलोय आपण. ओपीडी कसली लावलीत?" दुसऱ्या जोडीला पापण्या झकास आल्या. सोनार कारागिरीवर अडला तेव्हा मी म्हटलं, आमच्या लातुरात आता शिकवणीची फी घेतात, ती वजा कर. तो हसला आणि वजा केली.

रांगेतून गाभाऱ्याशी पोचलो. देवीचा तो मोठा शेंदरी मुखवटा, आणि त्यावर टक्क उघडे डोळे. इतक्या वर्षांनी समोरासमोर आलो होतो, बोलायचं बरंच साठलं होतं. पण धंद्याची सवय. मी आधी पापण्या पाहिल्या. लहानपणी आजीनं सांगितलं होतं ते तेव्हा आठवलं, की देवांच्या पापण्या लवत नाहीत. पापण्या मिटायच्याच नसतील तर त्या फाटतील कशा, शिवायच्या कशाला? म्हणजे डोळे तिचे, हे मान्य. पण पापणीचा मामला तिच्याकडं नव्हताच कधी. ज्या गोष्टीवरून मी इतकी वर्षं भांडत होतो ती तिनं मागितलीच नव्हती.

"पुढं चला," पुजारी म्हणाला.

पापण्या काढलेले चांदीचे डोळे मी तिच्यापुढं ठेवले. मग हात जोडले आणि नमस्कारासाठी डोळे मिटले. ते तिला जमत नाही.